भर दुपारची हाक

धरणाच्या पाण्यालगत, उंचवट्यावर वसलेल्या एका गावात नथानेल नावाचा म्हातारा शेळ्या राखून राहत असे. घरात माणसं दोनच. तो, आणि त्याची सहा वर्षांची नात रिबका. रिबकाचे वडील ती पाळण्यात असतानाच वारले होते. आई लांबच्या शहरात एका दवाखान्यात नर्स होती आणि महिन्यातून एकदा येऊन जाई. त्यामुळे पोरीला न्हाऊ घालण्यापासून तिची वेणी घालण्यापर्यंत सगळं आजोबाच करत. वेणी वाकडी व्हायची, पण रिबकाची तक्रार नसे.

गावात ख्रिस्ती घरं चारच होती. रविवारी ती चार घरं नथानेलच्या ओसरीवर जमत आणि प्रार्थना तोच चालवी. पण नातीला देवाची ओळख त्यानं रविवारी बसवून कधी करून दिली नाही. ती त्यानं करून दिली भाकरी थापताना, माठ भरताना, शेळ्या आत घेताना. पहिल्या भाकरीचा चतकोर तो रोज बाजूला झाकून ठेवी.

"हा कुणाचा?" रिबका विचारी.

"जो कुणी भुकेला दारात येईल त्याचा. प्रभू कुणाचं तोंड घेऊन येईल, आपल्याला काय माहीत?"

एखादी शेळी मागे राहिली की तो काठी घेऊन पुन्हा बाहेर पडे आणि रिबका त्याच्या मागे मागे धावे. चालता चालता तो तिला सांगे, "एका मेंढपाळाजवळ पुष्कळ मेंढरं होती. एक चुकलं. त्यानं बाकीची तिथंच सोडली आणि त्या एकाला शोधत काट्याकुट्यातून गेला. प्रभू येशू तसा आहे. कुणाची हाक कानावर पडली की त्याला घरात बसवत नाही."

ही गोष्ट रिबकानं इतक्या वेळा ऐकली होती की एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ती आजोबांना थांबवून दुरुस्त करी.

आता त्या गावात एक मोठी भीती होती, ती सांगायला हवी.

फार वर्षांपूर्वी धरण झालं तेव्हा मूळ गाव पाण्याखाली गेलं आणि लोक उंचवट्यावर राहायला आले. पण दर वैशाखात पाणी उतरे आणि जुनं गाव उघडं पडे. गाळानं माखलेल्या भिंती दिसत. कुणाचं जातं, कुणाचा उंबरठा. वाळलेल्या चिखलाला हातभर भेगा पडत. आणि एखाद्या वर्षी, भर दुपारी बाराच्या सुमाराला, माणसाची सावली पायाखाली दडते त्या वेळी, त्या भिंतींमधून हाक येई.

लोक म्हणत ती हाकामारी आहे. ती माणसाच्या आवाजात हाक मारते. तिला ओ द्यायची नाही. ज्यानं ओ दिली तो गेला.

नऊ वर्षांपूर्वी खंडू नावाचा शेतकरी भरकटलेली म्हैस शोधायला जुन्या गावात उतरला होता. म्हैस संध्याकाळी एकटीच परत आली. खंडू आला नाही. त्यानं ओ दिली, असं लोक म्हणाले. त्याची बायको गोदाबाई नथानेलच्या शेजारीच राहत होती. तेव्हापासून वैशाख लागला की दुपारी सगळ्या गावाची दारं बंद होत आणि सगळ्यांत आधी कडी वाजे ती गोदाबाईच्या दाराची.

नथानेल म्हणे, आपण भुताखेतांना मानत नाही. पण दुपार झाली की तोही कडी लावी. कुणी विचारलं तर म्हणे, "पोरीला ऊन लागतं." मग तो मोठ्या आवाजात गाणी म्हणे, म्हणजे बाहेरचं काही आत ऐकू येऊ नये.

त्या वर्षी पाणी नऊ वर्षांत उतरलं नव्हतं इतकं उतरलं. जुन्या गावाची खालची आळीसुद्धा उघडी पडली. खंडू गेला त्या वर्षानंतर ती कुणी पाहिली नव्हती.

एका मंगळवारी दुपारी नथानेल गाणं म्हणता म्हणता श्वास घ्यायला थांबला, आणि तेवढ्यात ती ऐकू आली.

"पानीऽऽ"

पुरुषाचा आवाज. घोगरा. लांबून आलेला, तरी कानाशी कुणी बोलावं तसा.

"आजोबा," रिबका म्हणाली, "कुणीतरी हाक मारतंय."

"वारा आहे, बाळ."

"वारा 'पानी' म्हणतो?"

 नथानेल आणखी मोठ्यानं गाऊ लागला.

बुधवारी पुन्हा तसंच झालं. त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. परसात सावलीला बसलेल्या शेळ्या एकाएकी उठल्या आणि सगळ्याच्या सगळ्या कान टवकारून पाण्याच्या दिशेनं बघत उभ्या राहिल्या. एकही हलेना. एकही ओरडेना.

"पानीऽऽ... कुनी हाय काऽऽ"

रिबका दारापाशी गेली आणि तिनं फळीला कान लावला. नथानेलनं तिला मागे ओढलं. त्याच्या हाताला घाम सुटला होता. तिनं तो पाहिला.

"आजोबा, त्या मेंढपाळाच्या घराला कडी होती का?"

"गप्प बस," नथानेल म्हणाला. इतकं तोडून तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. त्या दिवशी तो जेवला नाही. चतकोर झाकलेला होता तसाच राहिला.

गुरुवारी हाक आली तेव्हा ती अगदी बारीक झाली होती. रिबकानं आजोबांना काहीच विचारलं नाही. ती माठाशी गेली. तिनं पितळी तांब्या पाण्यानं भरला, दोन्ही हातांनी धरून दारापाशी आणला आणि बंद दारासमोर ठेवला. मग तिनं गुडघे टेकले, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू येशू, बाहेर कुणाला तरी तहान लागली आहे. आजोबांना भीती वाटते. तूच जा. पाणी मी भरून ठेवलंय. आमेन."

नथानेल भिंतीला टेकून बसला होता. तो तसाच बसून राहिला. बाहेर पुन्हा हाक आली. या वेळी शब्दही नीट फुटला नाही.

मग म्हातारा उठला.  त्यानं खुंटीवरची शेळ्यांची दावी खांद्यावर टाकली, तांब्या एका पिशवीत उभा धरला आणि कडी काढली.

"मी येईपर्यंत उंबरठा सोडायचा नाहीस," तो नातीला म्हणाला.

"तुम्ही जाताय?"

"हो. तू ज्याला जा म्हणालीस, त्यानं मला उठवलं."

दार वाजलेलं ऐकून शेजारच्या खिडकीची फट उघडली. आतून गोदाबाईचा आवाज आला. "नथानेलबाबा, कुठं निघालात? ओ देऊ नका! तुमच्या पाया पडते, ओ देऊ नका!"

तो उतारावरून खाली गेला.

जुन्या गावात पाऊल टाकल्याबरोबर आवाज मेले. पाखरू नाही, माशी नाही. पायाखाली वाळलेली ढेपळं कडकड मोडत होती, तेवढंच. भिंतींना शिंपले चिकटले होते. ज्या घरात तो जन्मला त्या घराचा उंबरठा त्याला दिसला. उंबरठ्याच्या आत चिखलावर अनवाणी पावलं उमटलेली होती. लहान, पोरीबाळीच्या पायाएवढी. ती खालच्या आळीकडे गेली होती. परतीची पावलं कुठंच नव्हती.

"पानी..."

हाक उजवीकडून आली. तो उजवीकडे वळला. तिथं पडकी भिंत होती. हाक मागून आली. मागे कुणी नव्हतं. पुन्हा आली ती डावीकडून, अगदी जवळून, आणि तिथं नुसता उघडा चिखल उन्हात तळपत होता. नथानेल गोल गोल फिरला. गावाकडची वाट कुठली तेही त्याला उमगेना. चारही बाजूंना सारख्याच भिंती, सारख्याच भेगा.  तो हळूहळू प्रार्थना पुटपुटत होता आणि स्वतःलाच ती ऐकू येत नव्हती.

मग हाक थांबली.

नथानेल उभा राहिला. त्याला एक गोष्ट कळून चुकली. इथवर तो आला होता खरा, पण चोरपावलांनी, तोंड घट्ट मिटून. ओ न देताच शोधायला निघाला होता तो. आणि जो बोलावतो आहे त्याला कुणी आलंय हे कळलंच नाही, तर तो पुन्हा बोलावणार कसा?

त्यानं डोळे मिटले. पोरीचे जोडलेले हात त्याच्या नजरेसमोर आले. त्यानं छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून घेतली.

"ओऽऽ!" नथानेल ओरडला. "आलो रेऽऽ! कुठं आहेस?"

त्याचा आवाज भिंतींवर आपटत गेला आणि विरला. क्षणभर काहीच झालं नाही. तो उभा होता तसाच उभा राहिला. अजून जिवंत आहोत याचंच त्याला नवल वाटत होतं.

मग त्याच्या पायांखालून, जमिनीच्या आतून, कुणीतरी दगडावर दगड आपटला. ठक. ठक. ठक.

दोन हातांवर चिखलाच्या कवचाला एक काळं भोक पडलं होतं. ते पेव होतं. जुन्या काळी धान्य साठवायला लोक जमिनीत असे खड्डे खणत. तोंड अरुंद, आत पोट मोठं. वर वाळलेल्या गाळाचा पातळ पापुद्रा धरलेला. त्यावर पाय पडला की माणूस आत. नथानेल पोटावर आडवा झाला आणि भोकाशी सरपटत गेला. आतून थंड, कुबट वाफ तोंडावर आली. खाली, दोन पुरुष खोल, एका पोरीचा चेहरा वर बघत होता. तेरा-चौदा वर्षांची असेल. ओठ फुटलेले. हातात दगड.

त्यानं दावी एकमेकांना बांधली आणि टोकाला तांब्या बांधून खाली सोडला. तिनं तो दोन्ही हातांनी ओढून घेतला. पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज वरपर्यंत आला. हाक मात्र त्यानंतर पुन्हा आली नाही.

तिला वर काढणं एकट्या म्हाताऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तो उठला आणि उंचवट्याकडे तोंड करून ओरडला. "अरे या! माणूस आहे इथं! दोर घेऊन या!"

वर सगळी दारं बंद होती. एकही उघडलं नाही. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला. आणि तेव्हा त्याला उमगलं. वर घराघरात लोक कानावर हात ठेवून बसले असतील. म्हणत असतील, हाकामारीनं आज नथानेलचा आवाज घेतला.

आता हाक मारणारा तोच होता.

तो मटकन खाली बसला. एवढ्यात उंचवट्यावरून एक बारीक, किनरा आवाज आला.

"ओऽऽ! आजोबाऽऽ! ओऽऽ!"

नथानेलनं मान वर केली. पिवळा झगा घातलेली एक चिमुरडी उंबरठा ओलांडून भर उन्हात उतरली होती. ती पळत पहिल्या दाराशी गेली आणि दोन्ही मुठींनी ते वाजवू लागली. ते उघडलं नाही. ती दुसऱ्या दाराशी गेली. तेही उघडलं नाही. मधूनच ती वळून खालच्या दिशेला "ओऽऽ" देत होती, पुन्हा दार वाजवत होती. तिनं कितीतरी वेळा ओ दिली आणि तिला काहीही झालं नाही. हे सगळ्यांनी फटींतून पाहिलं.

तिसरं दार गोदाबाईचं होतं. ते उघडलं.

गोदाबाई बाहेर आली. हातात विहिरीचा दोर. ती चालत नव्हती, पळत होती. तिच्या मागोमाग म्हादू लोहार निघाला, मग आणखी दोघं. रिबका सगळ्यांच्या पुढे होती.

म्हादू दोर कमरेला बांधून पेवात उतरला आणि पोरीला घेऊन वर आला. तिच्या डोळ्यांना ऊन सोसेना. रिबकानं आपल्या झग्याचा घोळ तिच्या तोंडावर धरला. "तुझं नाव काय?" तिनं विचारलं. पोरीनं नुसती मान हलवली.

 म्हादूनं मुठीत काहीतरी धरलं होतं. थोड्या वेळानं त्यानं मूठ उघडली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "खाली गाळात हाडं आहेत. हे हातात होतं."

ते पितळी कडं होतं. काळं पडलेलं, एका जागी चेपलेलं. गोदाबाईनं ते घेतलं, पदरानं पुसलं, आणि ती तिथंच जमिनीवर बसली.

उन्हं कलली तसा, माणसं जमलेली बघून, पलीकडच्या काठावरून होडी घेऊन एक माणूस आला. मासे धरणारे भोई तिकडे पालं ठोकून होते, त्यांच्यातला तो भिवा. तीन दिवस तो लेकीला पाण्यात शोधत होता. ती शिंपले वेचायला आली आणि बुडाली, असं त्याला वाटलं होतं. लेकीला बघून तो रडायला लागला.

"बाबा," तो नथानेलच्या हातांवर डोकं ठेवून म्हणाला, "तुमास्नी कळलं तरी कसं?"

"तीन दिवस हाका मारत होती ना," म्हादू म्हणाला. "पाणी, पाणी म्हणून."

भिवानं डोळे पुसले आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आमची तानी?" तो म्हणाला. "ती तर जन्माची मुकी हाय."

 भिंतींच्या सावल्या हळूहळू लांबत होत्या. तानी रिबकाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

मग गोदाबाई बोलली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मी मंगळवारीच ओळखला होता आवाज. तो पाण्याला पानीच म्हणायचा. नऊ वर्षांपूर्वीसुद्धा तीन दिवस हाका मारत होता. सगळे म्हणाले, गोदे, तो खंडू नाही, ओ देऊ नकोस. मी कानात कापसाचे बोळे घातले. चौथ्या दिवशी हाक आली नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं, नथानेलबाबा. बरं वाटलं होतं मला!"

 नऊ वर्षांपूर्वी नथानेलही याच गावात होता. त्यानंही तो आवाज ऐकला होता. त्यानंही कडी लावली होती आणि देवाची गाणी म्हटली होती. नंतर कैक संध्याकाळी तो एकेका शेळीसाठी रान तुडवत फिरला होता, आणि मेंढपाळाची ती गोष्ट त्यानं नातीला न चुकता सांगितली होती.

तो गोदाबाईसमोर गुडघ्यांवर बसला. "गोदाबाई, मीही ऐकलं होतं. माणूस मरत होता आणि मी गात होतो. तुमचा मी अपराधी आहे."

 गोदाबाईनं कड्यावरचा हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

रिबका हे सगळं बघत होती. आजोबांना असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "आजोबा, मग हाक कोण मारत होतं?"

"मला माहीत नाही, बाळ," नथानेल म्हणाला. "ते देवाला ठाऊक. ओ देणं आपलं काम होतं. मी ते फार उशिरा केलं."

दुसऱ्या दिवशी गावानं खंडूचे अंत्यविधी केले. गोदाबाईच्या घरच्या रीतीप्रमाणे सगळं झालं, आणि नथानेल शेवटपर्यंत हात जोडून उभा राहिला. मग पाणी चढायच्या आत गावकऱ्यांनी जुन्या गावातली पेवं एकेक करून शोधली आणि दगडमातीनं बुजवली.

पुढच्या वैशाखात पाणी पुन्हा उतरलं. जुनं गाव पुन्हा उघडं पडलं. हाक आली नाही. तरी भर दुपारी, ऊन घरात शिरत असतानाही, त्या गावातलं एकही दार बंद नव्हतं.

तात्पर्य: देवाच्या गोष्टी सांगून मुलांच्या कानापर्यंत जातात, पण आपण भीती सोडून दुसऱ्याच्या हाकेला धावतो, तेव्हाच मुलांना देव खरा वाटतो.